बादली अर्धीच का भरली?

माझ्या नोकरीतील दोन वर्षे तंजावरला गेली. मराठी माणसाला हे गाव पूर्णपणे परके वाटत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही पाहता येतो. माझ्या आईला तंजावरची ओढ होती ती त्यासाठीच. तिचे वडील मोडी वाचत असत. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर ती कराडहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिचे वय ७८ होते.

परंतु या लेखाचा विषय इतिहास नाही. मेडिकल कॉलेज रोडवरील माझ्या भाड्याच्या घरात, आईच्या खोलीत, मी दीड टनाचा एसी बसवलेला होता. तो बिघडत चालल्याच्या खुणा दोन महिने समोर असूनही मला त्या दिसल्या नाहीत. त्या का दिसल्या नाहीत, हा या लेखाचा विषय आहे. प्रशासनात काम करणाऱ्यांना तो परका वाटू नये.

मार्चच्या सुरुवातीला एसी २६ अंशांवर लावला तरी आई पहाटे गोधडी ओढून घेत असे. यंत्रातून निघणारे पाणी नळीने बाहेरच्या बादलीत पडे. कावेरीच्या खोऱ्यातील हवा दमट, त्यामुळे रात्रभरात बादली काठोकाठ भरायची. सकाळी आई ते पाणी तुळशीला आणि अबोलीला घालायची. पाणी वाया जात नाही याचे तिला मोठे समाधान होते.

मार्च संपता संपता एके सकाळी ती म्हणाली, "अरे, आज बादली अर्धीच भरली."

मी कामावर निघण्याच्या गडबडीत होतो. म्हणालो, "आई, उन्हाळा आहे. पाणी उडून जातं."

रात्रभरात अर्धी बादली पाणी उडून जात नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. पण उत्तर तयार होते आणि ते देऊन विषय संपत होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती दुसऱ्यांदा म्हणाली, "बाहेरचं ते यंत्र पूर्वी मध्ये मध्ये थांबायचं. आता रात्रभर थांबत नाही. त्याला दम लागल्यासारखा आवाज येतो." मी रिमोट घेतला आणि २६ चे २२ केले. दोन दिवसांनी २० केले. नंतर १८.

यात एक मोठी गैरसमजूत आहे. साध्या एसीवर आकडा खाली आणल्याने यंत्र अधिक जोराने थंड करू लागत नाही. खोली त्या आकड्याला पोहोचेपर्यंत ते चालत राहते, एवढाच त्याचा अर्थ. यंत्राची ताकदच कमी झाली असेल तर ते कधीच पोहोचत नाही आणि अखंड चालत राहते. जे २६ वर होत नव्हते ते १८ वर होणार नव्हते. आपण कार्यालयात हेच करतो. एखादे काम होत नाही असे दिसले की ते का होत नाही हे न विचारता अधिक कडक परिपत्रक काढतो. परिपत्रकातील भाषा १८ अंशांवर जाते, खोली तशीच राहते.

तिसरी खूण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सकाळी वर्तमानपत्र आणायला बाहेर गेलो असता बाहेरच्या यंत्राला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळीवर पांढरा बर्फ साचलेला दिसला. मला आनंद झाला. आईला म्हणालोसुद्धा, की यंत्र इतके गार आहे की नळीवर बर्फ धरतो. आई म्हणाली, "मग खोलीत का नाही गार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी तो ऐकला नाही.

त्या दिवसांत माझे चित्त निवडणुकीत होते. तंजावर मतदारसंघाचे मतदान १८ एप्रिल २०१९ रोजी झाले. प्रत्यक्ष मतदान सुरू होण्यापूर्वी प्रत्येक केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यावे लागते. यंत्र नीट मोजते की नाही हे पाहून, ती मते पुसून, मगच खरे मतदान सुरू होते. मी पहाटेपासून केंद्रांवर फिरत होतो आणि हे झाले की नाही ते विचारत होतो. एका दिवसाच्या वापरासाठी यंत्राची एवढी परीक्षा. घरी जे यंत्र माझी म्हातारी आई रोज रात्री वापरत होती, त्याची जाळी मी आणल्यापासून एकदाही काढून धुतली नव्हती.

मतदान आटोपल्यावर मी एका मिस्त्रीला बोलावले. त्याने दहा मिनिटे पाहिले, "गॅस कमी झाला आहे" म्हणाला, गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. खोली गार झाली. मी मनातल्या मनात तक्रारीवर 'निकाली' असा शेरा मारला.

येथे एक साधी गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा कोणी सांगितली नाही. एसीतील गॅस म्हणजे गाडीतील पेट्रोल नव्हे. तो वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि परत येतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. दाब कमी झाला की आतल्या जाळीचा आरंभीचा भाग शून्याच्याही खाली जातो, हवेतील ओल तेथे गोठते आणि बर्फ धरतो. उरलेली जाळी कोमटच राहते, म्हणून तिच्यावर दव जमत नाही आणि बादली अर्धी राहते. शिवाय परतणारा गारवाच कॉम्प्रेसरच्या मोटारीला थंड ठेवत असतो. तो कमी पडला की मोटार तापते, आणि शेवटी यंत्रातील सर्वांत महागडा भाग जळतो. आईची बादली हेच सांगत होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात विजेचे बिल आले. तामिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचे एकत्र येते. आकडा बराच वाढलेला होता. "उन्हाळा आहे, वाढणारच," असे म्हणून मी ते भरून टाकले. वाढीला एक सोयीचे कारण उपलब्ध असले की खरे कारण कोणी शोधत नाही.

४ मेच्या सुमारास तेथे अग्निनक्षत्र सुरू होते. लोक त्याला कत्तिरी म्हणतात. ते दिवस भाजून काढणारे असतात आणि रात्रही निवत नाही. या दिवसांत आई एसीबद्दल काही बोलली नाही. मी समजलो, सर्व ठीक आहे.

बारा मेच्या रात्री यंत्र बंद पडले. ते केव्हा बंद पडले हे मला सकाळी कळले. आई पलंगाच्या कडेला बसली होती, ओठ कोरडे, बोलणे तुटक. उभी राहायला गेली आणि तोल गेला. तिला एक दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, सलाईन लावावे लागले. शरीरातले पाणी कमी झाले होते, असे डॉक्टर म्हणाले. थोडक्यात निभावले.

संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मी विचारले, "आई, मला उठवलं का नाहीस? आणि पुन्हा बिघडतंय हे सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं. मग तू माणूस बोलावलास, पैसे दिलेस. आता परत कशाला सांगायचं? तू दमलेला असतोस."

मी नोकरीत हजारो तक्रारअर्ज पाहिले आहेत. मासिक आढाव्यात 'प्रलंबित: शून्य' असे दाखवणारे तक्ते सादर केले आहेत आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली आहे. त्या संध्याकाळी प्रथमच मला असे वाटले की तक्रार थांबणे ही तक्रार सुटल्याची खूण असेलच असे नाही. सांगणाऱ्याने आशा सोडल्याची ती खूण असू शकते. बिघाडाच्या सर्व खुणांमध्ये ही सर्वांत धोक्याची, कारण ती शांततेसारखी दिसते.

आई घरी आल्यावर एका शेजाऱ्यांनी मेल वीदीकडचा एक तरुण मिस्त्री पाठवला. त्याने पेटी उघडण्यापूर्वी प्रश्न विचारले. किती दिवसांपासून? बाहेरचे यंत्र मध्ये थांबते का? पाणी किती पडते? सुरू होताना दिवा मंदावतो का? मला एकाचेही उत्तर देता येईना. आई आतून म्हणाली, "मला विचार."

आईला तामिळ येत नव्हते, त्याला मराठी. मी दुभाष्या झालो. पण पाण्याच्या प्रश्नाला तिला माझी गरज पडली नाही. कामवालीकडून शिकलेला 'तण्णी' हा शब्द तिने उच्चारला, तळहात आधी बादलीच्या काठावर धरला, मग मध्यावर आणला, मग तळाशी. तो मुलगा मान डोलावून म्हणाला, "सार, अम्मांना सगळं माहीत आहे."

मग त्याने साबणाचा फेस करून नळ्यांच्या जोडांवर लावला. बाहेरच्या यंत्राजवळच्या एका जोडावर बारीक बुडबुडे आले. यंत्राच्या भिंतीतील पट्टीचा एक बोल्ट सैल होता, त्यामुळे ते थरथरत होते. नोव्हेंबर २०१८ च्या गजा चक्रीवादळात सैल झाला असावा, असा त्याचा अंदाज. त्या वादळानंतर मी पट्टुकोट्टै आणि पेरावूरणीकडील आडव्या झालेल्या नारळाच्या बागा पाहत फिरलो होतो. स्वतःच्या भिंतीवरचा बोल्ट पाहिला नव्हता. त्याने जोड नीट केला, पंपाने नळ्यांतील हवा काढली, मग वजन करून गॅस भरला. फुगलेला कपॅसिटर बदलला, बाहेरच्या जाळीतील धूळ पाण्याने धुतली. कॉम्प्रेसर सुदैवाने वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरली.

जूनमध्ये कराडला परतण्यापूर्वी आईला मी सरस्वती महाल ग्रंथालयात नेले. पेटीत मांडलेल्या जुन्या पोथ्या तिने बराच वेळ पाहिल्या. ताडपत्रे अधूनमधून उघडावीत, पुसावीत, गवती चहाचे तेल लावावे, ही दक्षिणेतली जुनी रीत. कीड दिसल्यावर करायचे हे काम नव्हे, दिसू नये म्हणून करायचे. आणखी एक योगायोग असा की आधुनिक वातानुकूलन माणसांसाठी नव्हे, कागदासाठीच जन्मले. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते योजले, कारण दमट हवेत कागद फुगत असे आणि रंग जुळत नसत. कागदाची कुरबूर तेथे कोणीतरी ऐकली होती.

त्यानंतर मी घरी एक तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवला. वाचकांच्या उपयोगासाठी तो येथे देतो:

१. पूर्वी ज्या अंशावर गार वाटे, त्यावर आता वाटत नाही. अशा वेळी आकडा कमी करू नये, कारण शोधावे.
२. खोली बंद असूनही बाहेरचे यंत्र तासन्‌तास थांबत नाही, किंवा उलट, दर दोन-तीन मिनिटांनी बंद-चालू होते.
३. बाहेर पडणारे पाणी कमी झाले, किंवा आत भिंतीवर ठिबकू लागले. आत ठिबकणे म्हणजे बहुधा नळी तुंबली आहे किंवा बर्फ वितळतो आहे.
४. नळीवर वा जाळीवर बर्फ. हे गारव्याचे लक्षण नव्हे. यंत्र बंद करावे, जाळी धुवावी, तरीही धरला तर गळती तपासावी.
५. सुरू होताना घुरघुर, दिवे मंदावणे, एमसीबी पडणे. यात स्वतः हात घालू नये.
६. कुबट किंवा जळका वास. कुबट असेल तर जाळी धुवावी, जळका असेल तर तत्काळ बंद करावे.
७. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा साध्या तापमापकाने मोजावी. पंधरा मिनिटांनंतर साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा.
८. मागील वर्षीच्या त्याच दोन महिन्यांच्या बिलाशी तुलना करावी.
९. जो ते यंत्र वापरतो त्याला आठवड्यातून एकदा, आपण होऊन, विचारावे.

कार्यालयांसाठी यातील नववा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वार्षिक देखभालीच्या करारात ठेकेदाराच्या भेटी मोजल्या जातात आणि भेटीच्या कागदावर सही झाली की देयक निघते. त्या खोलीत दिवसभर बसणाऱ्या लिपिकाला कोणी विचारत नाही. पुढे माझ्या कार्यालयात मी नोंदवहीत एक रकाना वाढवला: 'वापरणाऱ्याचे म्हणणे, पंधरा दिवसांनंतर'. तो भरल्याशिवाय तक्रार निकाली काढायची नाही. सुरुवातीला प्रलंबित तक्रारींची संख्या वाढली आणि मला वरून विचारणाही झाली. मी उत्तर दिले की तक्रारी वाढलेल्या नाहीत, त्या आता दिसू लागल्या आहेत.

आई आता कराडला असते. माझी बदली तंजावरहून केव्हाच झाली. तरी उन्हाळा लागला की तिचा फोन येतो आणि इतर चौकशीआधी ती विचारते, "बादली भरते का रे?" मी बाहेर जाऊन पाहून येतो आणि मगच उत्तर देतो.