लाल कौलांचा किनारा

न्यूफाउंडलंडच्या सेंट बार्बहून फेरीबोट, मग ब्लाँ-साब्लाँपासून किनाऱ्याने सुमारे 80 किलोमीटर. रेड बे. कॅनडाच्या लॅब्रडॉरमधलं इवलंसं गाव. सोळाव्या शतकात युरोपातले दिवे इथल्या व्हेलच्या तेलावर जळत, हे घरांकडे बघून खरं वाटत नाही.

*

समोरच्या सॅडल बेटावर लाल कौलांचे तुकडे. कोकणात पडक्या घराभोवती असतात तसेच. ही कौलं स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांनी अटलांटिकपलीकडून जहाजात भरून आणली, भट्ट्यांवर छप्पर घालायला. दगडी भट्ट्या, त्यांवर तांब्याच्या कढया. व्हेलची चरबी वितळवायची, तेल गाळून पिंपांत भरायचं. एका पिंपात सुमारे 200 लिटर. पिंपं बांधणारे कारागीरही सोबत आणलेले.

*

हे ठिकाण आधी सापडलं ते कागदांत. सेल्मा बार्कम ही विधवा बाई चार मुलांना घेऊन स्पेनला गेली आणि ओन्यातीच्या दप्तरखान्यात विम्याचे करार, दावे, मृत्युपत्रं वाचत बसली. त्यांतून तिने लॅब्रडॉरमधली बास्कांची बंदरं ओळखली. 1977मध्ये पुरातत्त्वज्ञ जेम्स टक यांनी खोदायला घेतलं ते त्यानंतर. या सगळ्या कथेत मला सर्वांत थोर वाटते ती हीच बाई. माहितीफलकांवर तिला आणखी जागा हवी होती.

*

1565मध्ये ‘सान हुआन’ हे गलबत तेलाच्या पिंपांसह याच बंदरात वादळात बुडालं. 1978मध्ये सागरी पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ग्रेनिए यांच्या पाणबुड्यांना ते सुमारे दहा मीटर खोलीवर सापडलं. फळी न् फळी वर काढून मोजली, रेखाटली आणि पुन्हा तळाशी पुरली. काचेच्या पेटीत मिरवण्यापेक्षा हे शहाणपणाचं. लाकूड थंड गाळात टिकतं. गलबताखाली चेपलेली चालुपा, म्हणजे व्हेलमागे वल्हवत न्यायची होडी, मात्र जोडून ठेवली आहे. एवढ्याशा होडीतून बोहेड व्हेलला भाला मारायचा! इथे सापडलेल्या व्हेलच्या हाडांच्या जनुकतपासणीत बहुतेक शिकार बोहेडचीच निघाली.

*

बेटावरच्या दफनभूमीत सुमारे 140 माणसं पुरलेली. नावं कोणाचीच नाहीत. दावे मालकांचे, विमा मालकांचा. कागदांत खलाशी येतो तो बहुधा मरताना.

*

रेड बे 2013पासून जागतिक वारसा. जाणार असाल तर उन्हाळ्यातच जा. बेटावर जाणारी होडी हवा बघून सुटते, म्हणून एक दिवस जादा हाताशी ठेवा.