वेगळी कपबशी

अटलांटाला वन्संकडे जायचं ठरलं, तेव्हा ह्यांनी नायगाऱ्याचा हट्ट धरला. मी मात्र नकाशात माँटगोमेरीवर बोट ठेवलं. अटलांटाहून मोटारीने अडीच-तीन तासांचा रस्ता.

"तिथं काय आहे?" दहा वर्षांच्या लेकीने विचारलं.

मी सांगू लागले. १ डिसेंबर १९५५ रोजी तिथल्या बसमध्ये रोझा पार्क्स ही शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय बाई गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही. तिला अटक झाली. मग तिच्या समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. मोलकरणी, मजूर मैलोन्‌मैल पायी कामाला गेले. अखेर कोर्टाच्या निकालाने बसमधला भेद संपला. अटकेच्या जागी आता संग्रहालय आहे. पुढे सेल्मा गाव. १९६५ साली मताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तो पूल तिथलाच.

लेक म्हणाली, "आपल्याकडे असं नव्हतं ना?"

मी गप्प झाले. माझ्या माहेरी भांडीवालीची कपबशी परसातल्या कोनाड्यात वेगळी असे. ती स्वतःच विसळून ठेवी. लहानपणी तिला चहा नेऊन द्यायचे मीच. पण कप वेगळा का, हे कधी विचारलं नाही.

लेकीला ते सांगून टाकलं. तिनं विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मला आठवेना.

नायगारा पुढच्या खेपेला. निघण्यापूर्वी आईला फोन करून ते नाव मात्र विचारायचं आहे.