बरणी कोरडी हवी

परवा अमेरिकेतल्या मावसबहिणीचा फोन आला. "तुमच्याकडच्या त्या खारातल्या कैऱ्या कशा करतात गं? मोजूनमापून सांग हं, मावशीसारखं 'अंदाजाने' म्हणू नकोस." मी प्रमाण सांगितलं, तिने लिहून घेतलं, फोन संपला. मग संध्याकाळभर मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. प्रमाण सांगितलं, पण आमच्याकडे ती बरणी पहिल्यांदा कशी भरली गेली ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहायला बसलेय. घरच्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक आहे. त्यांनी सरळ शेवटाकडे उडी मारली तरी चालेल.

माझं माहेर बोरिवलीला, बाभईत. आजोबांनी घर बांधलं तेव्हा बोरिवली मुंबई महापालिकेत नव्हती. ती आली १९५७ साली. तेव्हाच्या वाडीतलं आता उरलंय ते घर आणि भोवतीचं एवढंसं अंगण, तिन्ही बाजूंना इमारती. पण त्या एवढ्याशा जागेत आईबाबांनी काय काय जगवलं! दारात शेवगा, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, एक लहरी लिंबू, आणि मागच्या अंगाला रायवळ आंबा.

रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेला, कलम नसलेला. पिकल्यावर चोखून खायचा, दातांत धागे अडकतात. हापूसवाले नाक मुरडतात. पण लोणच्याला मात्र ही कैरी पाहिजे. आंबट, कडक, आणि मुरल्यावरही फोड करकरीत राहणारी.

कैऱ्या उतरवणं हे बाबांचं खातं. अक्षय्य तृतीया झाली की माळ्यावरून झेला निघायचा. बाबा एकेक कैरी देठासकट अलगद जाळीत घ्यायचे, कारण जमिनीवर आपटलेली कैरी लोणच्याला चालत नाही. मार लागलेली जागा आतून मऊ पडते आणि एक फोड अख्खी बरणी नासवते. मग मोजणी. आकडा खिशातल्या छोट्या डायरीत. '२०१९ : ४१२. वटवाघळांनी बरीच नेली.' हिशोब ठेवण्यासारखं काय होतं त्यात कोण जाणे! त्यातल्या थोड्या अढीत, बाकीच्या आईच्या हवाली. मग अडकित्ता, मीठ-हळद, मोहरीची डाळ, गार केलेली फोडणी आणि बरणीच्या तोंडाला दादरा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. करोना. अकरा दिवस रुग्णालयात होते आणि आम्हाला एकदाही भेटता आलं नाही. एवढंच लिहिते. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

लोकल सर्वसामान्यांना बंद होत्या, त्यामुळे मी मुलुंडला न परतता आईकडेच राहिले. त्या वर्षी झाड मात्र नुसतं लगडलं होतं. आई त्याच्याकडे बघायचीच नाही. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर लोणचं-पापड घालत नाहीत, नातेवाईक आणून देतात. तेव्हा कैऱ्यांचं करायचं काय हा प्रश्नच नव्हता. १४ मेला अक्षय्य तृतीया आली आणि गेली. झेला माळ्यावरच राहिला.

आणि सोमवारी, १७ तारखेला, तौक्ते आलं. हे नाव म्यानमारने दिलेलं, त्यांच्याकडच्या एका आवाज करणाऱ्या पालीचं! वादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात! आम्ही दोघी दारंखिडक्या लावून बसलो होतो. मागून धप्प... धप्प... आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला आईचा चेहरा बारीक व्हायचा. रात्री कधीतरी ती म्हणाली, "ह्यांनी एकसुद्धा पडू दिली नसती गं."

सकाळी मागचं दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. एक मोठी फांदी मोडून भिंतीवर टेकली होती आणि चिखलात सगळीकडे कैऱ्या. मी म्हटलं, "वॉचमनला सांगते, भरून नेईल कचऱ्यात." आई काही बोलली नाही. पदर खोचला, टोपली घेतली आणि वेचायला लागली.

दुपारपर्यंत ओसरीवर तीन ढीग झाले. फुटलेल्या झाडाच्या मुळाशी खड्ड्यात. मार लागलेल्यांचा खराब भाग काढून उरलेल्याच्या फोडी आंबोशीसाठी. आणि फांदीसकट खाली आलेल्या, पानांच्या गादीवर पडलेल्या ज्या शाबूत होत्या, त्या वेगळ्या.

"ह्यांना मीठ लावायचं," आई म्हणाली.

तेवढ्यात आत्याचा फोन. तिने ऐकलं आणि आवाज चढला. "वहिनी, अजून महिना झाला नाही दादाला! वर्षाच्या आत लोणचं?"

आई शांतपणे म्हणाली, "तेल नाही, मोहरी नाही, फोडणी नाही. मिठात ठेवतेय. ह्याला लोणचं म्हणतात का, तुम्हीच सांगा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन कट झाली. मग आत्या म्हणाली, "माझ्यासाठी चार ठेव. दादाच्या हातचं झाड आहे."

खारातली कैरी दिसते सोपी. अख्खी कैरी धुवायची, पुसायची, सावलीत पूर्ण कोरडी करायची. बरणीत एक थर कैऱ्या, एक थर जाडं मीठ. मीठ कैरीतलं पाणी ओढून घेतं, चारपाच दिवसांत खार सुटतो. कमी पडला तर मिठाचं पाणी उकळून, पूर्ण गार करून ओतायचं. वर स्वच्छ जड दगड, म्हणजे कैऱ्या बुडालेल्या राहतात. खाराच्या वर डोकं काढलेली कैरी बुरशीला आमंत्रण.

सगळी मेख त्या 'कोरडी'मध्ये. वादळानंतरची हवा इतकी दमट की पुसलेली कैरी तासाभरात पुन्हा ओलसर लागायची. दोन बरण्या आईने भरल्या, तिसरी मी. मला घाई होती. त्या दिवसांत मला सगळ्याचीच घाई व्हायची, कधी एकदा काम संपतंय आणि पडून राहतेय असं. बरणी नीट वाळली नव्हती, मी तशीच भरली. जुलैमध्ये उघडली तर वर पांढरा-हिरवा थर आणि वास. मी रडले. बरणीसाठी रडत नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. आईने ती झाडाखाली रिकामी केली, बरणी घासली, उन्हात पालथी घातली. "पुढच्या वर्षी नीट पूस," एवढंच म्हणाली.

आंबोशी मात्र छान झाली. दोन दिवसांनी ऊन पडलं, गच्चीवर धोतराच्या पानावर वाळवली. हो, बाबांच्याच धोतरावर. वर्षभर आमटीत पडत होती.

वर्षश्राद्धाला आई पानं वाढत होती. सगळ्यांच्या पानात डाव्या बाजूला, जिथे लोणचं असतं तिथे, खारातल्या कैरीची एकेक फोड. आत्याने ती शेवटपर्यंत पुरवून खाल्ली.

बाबांची डायरी आईच्या कपाटात आहे. मध्यंतरी उघडली तर २०२१ च्या पानावर आईचं अक्षर : 'वाऱ्याने पडल्या ३१७. दोन बरण्या.' माझी नासलेली तिने धरलीच नाही. पुढच्या वर्षांचे आकडेही तिच्याच अक्षरात आहेत. झेला आता मी धरते, आणि बऱ्याच पाडते.

आमच्या गल्लीतली दोन जुनी घरं टॉवरसाठी गेली. आमच्याकडेही माणसं येऊन बसतात, नकाशे पसरतात. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे, पण ती 'मिळून जाते' असं ते हसून सांगतात. भाऊ म्हणतो, आई एकटी, घर गळतं, किती दिवस रेटणार? त्याचंही चूक नाही. मला उत्तर सापडलेलं नाही. आईने मागच्या वेळी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "कैऱ्या उतरवून झाल्या की या." त्यांना वाटलं होकार आहे. मला खात्री नाही.

असो. ह्या वर्षीची बरणी मुरलीय. ज्यांना हवी त्यांनी बाभईला चक्कर टाका. फक्त येताना आपापली बरणी आणा. कोरडी.