लाईट गेल्यावरचं पाणी

“आई, मला संप करायचाय,” आमचा धाकटा म्हणाला, तेव्हा मी भाकरी थापत होते. २०२० साल, सगळं बंद, हा पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून ढोकीला येऊन बसलेला. आता आणखी कसला संप? मग त्यानं वहीवर आकृती काढून दाखवली. वर माशांची काचेची चार फुटी पेटी, खाली स्टँडच्या पोटात दुसरी लहान टाकी. त्या खालच्या टाकीला म्हणे संप म्हणतात.

आपल्या घरी खाली हौद आणि गच्चीवर टाकी असते ना, तसाच हा संसार. फरक एवढाच, की इथं वरचं पाणी काठाजवळच्या भोकातून सारखं खाली वाहतं, खालच्या तीन खणांतून गाळून निघतं आणि शेवटच्या खणातला पंप ते परत वर ढकलतो. दिवसरात्र हेच.

सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “माणसाला प्यायाला पाणी न्हाई, अन् माशाला कारंजं!” त्यांचं चुकत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेलेल्या. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तीही आमच्याच स्टेशनावरून गेली. आम्ही मात्र टँकरपुढे घागरींची रांग लावून उभ्या. ज्या बाईनं हे पाहिलंय, तिला पाणी गोल गोल फिरवण्याचं कौतुक कसं वाटावं? खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. पण पोराचं तोंड पाहून गप्प बसले.

काचा कापून आल्या, सिलिकॉननं जोडल्या. दोन दिवस घरभर व्हिनेगरचा आंबट वास. आमच्या बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर धरतं. म्हणून नाजूक मासे नकोत, गोल्डफिश आणू असं ठरलं. त्यांना असं पाणी चालतं. मात्र ते खातात फार आणि घाणही फार करतात. त्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशांना विष. खालच्या टाकीत खडबडीत, सच्छिद्र वस्तू ठेवल्या की त्यांवर काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राईटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो, तोवर धीर धरायचा. आमचा धाकटा धरेल तो धीर! पंधराव्या दिवशी सहा मासे आले. एक गेला.

आणि मग ती रात्र. दोनच्या सुमारास लाईट गेली. मला जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. बॅटरी लावून पाहते तो काय, स्टँडखालून पाणी निघून थेट ज्वारीच्या पोत्यापर्यंत पोचलेलं! वर मासे निवांत, खालची टाकी काठोकाठ भरून वाहिलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उकिडवं बसून जुन्या लुगड्यानं पाणी टिपायला घेतलं. तेच मला जास्त लागलं.

पिळून काढलेलं पाणी बादलीत मोजलं, तर जवळजवळ एक घागर. सकाळी मी वही मागून घेतली. म्हटलं, इंजिनिअर तू असशील, पण पाणी मोजण्यात माझा जन्म गेलाय.

वरची पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद. म्हणजे एक इंच पाणी उतरलं की चौदा लिटर. वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड दोन इंच बुडालेलं होतं. पंप थांबला की तीच नळी उलटी ओढू लागते, आपण कॅनमधून नळीनं रॉकेल काढायचो तशी. तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. दोन इंच म्हणजे अठ्ठावीस लिटर खाली आलं. खालची टाकी तीस इंच बाय पंधरा, तिच्यात एका इंचाला साडेसात लिटरही मावत नाहीत, आणि आमच्या हुशार पोरानं वर दोनच इंच जागा ठेवलेली. तेरा लिटर जाणार कुठं? ज्वारीकडे.

“अगं, पंप चालू असताना सगळं बरोबर होतं,” तो म्हणाला.

“ढोकीत राहून पंप चालू असतानाचा हिशोब काय करतोस?” मी म्हटलं.

मग नळीचं तोंड वर उचललं, आता ते जेमतेम अर्धा इंच बुडतं. पाण्याच्या पातळीजवळ नळीला बारीक भोक पाडलं, म्हणजे हवा शिरते आणि ओढ तुटते. मात्र ते भोक शेवाळानं बुजतं, दर आठवड्याला टाचणीनं साफ करायला हवं. पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह मिळतो, पण त्यात कचरा अडकला की तो बसत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर झोपू नये. खाली चार इंच जागा कायम रिकामी. ती खूण मी काचेवर बाहेरून लाल नेलपॉलिशनं केली.

आणि उलटं झालं तर? खाली येणारी वाट पानांनी तुंबली आणि पंप ढकलतच राहिला तर? तेही फडकं कोंबून करून पाहिलं. पंपाच्या खणात वीस लिटर पाणी. सगळं वर गेलं तरी पेटी दीड इंचानंच चढते, आणि काठ दोन इंच मोकळा. पंप कोरडा खरखरू लागला तसं बटण बंद केलं. लाईट फार वेळ गेली तर माशांना हवा हवी, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घेतला.

सासूबाईंचा राग उतरला तो हिशोबानं. उन्हाळ्यात फिरतं पाणी आटतं ते दिवसाला चार-पाच तांबे. आठवड्याला पन्नास लिटर बदलायचं, ते तुळशीला, कढीपत्त्याला, शेवग्याला जातं. “म्हंजी सांडत न्हाई,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटक्या माठाची खापरं स्वतः धुऊन आणून दिली, जिवाणूंच्या वस्तीसाठी. तेर आमच्याजवळच, गोरोबाकाकांचं गाव. इथं खापर सहसा कुणी फेकत नाही.

धाकटा २०२२ मध्ये पुण्याला परत गेला. मासे इथंच आहेत. परवा रात्री लाईट गेली, आणि मी उठायच्या आत अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, “बघ गं, लाल रेघंपत्तोर आलं का?”

दोन बोटं खालीच होतं.