आडात काय आहे ते बघा

"काका, आवाज ओळखा," म्हणत पोरगं मोबाइल माझ्या कानाशी धरतं. पळस्पे फाट्याच्या अलीकडे माझा इंजिनकामाचा गाळा आहे. पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथेच फुटतात, त्यामुळे घाट उतरून येणारी प्रत्येक गाडी कधी ना कधी आमच्या डोळ्यांखालून जाते. त्यात काळ्या-पांढऱ्या नागमोडी स्टिकरांत गुंडाळलेल्या गाड्याही असतात. पुणे-चाकणकडच्या कंपन्या बाजारात न आलेल्या गाड्या घाटात चाचणीला काढतात आणि चहाच्या टपरीवरची पोरं त्यांचे फोटो काढतात. मग तो फोटो, ती अकरा सेकंदांची क्लिप माझ्याकडे येते. प्रश्न एकच असतो : आत इंजिन कुठलं?

इंजिनं उघडण्या-बसवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड घासणं हा माझा धंदा. न उघडलेल्या बोनेटखाली काय आहे हे सांगणं हा नाद. नादाला पैसे मिळत नाहीत, पण बायकोच्या मते गाळ्यावर सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

आवाजाचं आधी सांगतो, कारण त्यात खरंच काही कळतं. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ६००० फेरे असतील, तर सेकंदाला शंभर. म्हणजे चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २०० वेळा पेटतं, सहाचं ३००, आठाचं ४००. पेटीवर बसणाऱ्या माझ्या पुतण्याने एकदा हे आकडे ऐकले आणि हसला. म्हणाला, "काका, हे तर सा, प आणि वरचा सा." बरोबर आहे त्याचं. सारख्या फेऱ्यांवर चार सिलिंडरचा षड्ज धरलात, तर सहा सिलिंडरवालं पंचमावर आणि आठवालं तार षड्जावर बोलतं. तेव्हापासून मी पोरांच्या क्लिपा त्याच्या तंबोऱ्याच्या ॲपमध्ये घालून बघतो. पूर्ण रेस देऊन फेरे अडवणारा लिमिटर लागलेला ऐकू आला की काम सोपं. पेट्रोल गाडीचा लिमिटर साधारण सहा-साडेसहा हजारांवर असतो, तिथला सूर धरायचा.

अमेरिकन व्ही-एटला, म्हणजे व्ही आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या इंजिनाला, मात्र ॲप लागत नाही. त्याच्या क्रँकची रचना अशी असते की सगळे मिळून स्फोट समान अंतराने होतात, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांचे होत नाहीत. मध्येच दोन लागोपाठ एकाच बाजूला पडतात. त्या बाजूच्या सायलेन्सरमधून म्हणून सरळ सूर येत नाही, गडगड येते. मसल कार म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं निम्मं ही गडगडच असते.

तर परवाची क्लिप. पोराचं म्हणणं, ही नवी देशी मसल कार, व्ही-सिक्स असणार. मी ऐकलं, ॲपला ऐकवलं, दोनशेच्या जरा वर. चार सिलिंडर. त्याचा चेहरा उतरला. "पण काका, बोनेट केवढं लांब आहे!" अरे, बोनेट लांब असलं म्हणून इंजिन मोठं असतं का? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत व्ही-सिक्स आहे ते मला दाखव, मग बोलू.

माझी सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. नव्या गाडीचं इंजिन नव्या गाडीत शोधू नका, कंपनीच्या जुन्या गाड्यांत शोधा. इंजिन नव्याने घडवायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो. पत्रा त्या मानाने स्वस्त. म्हणून पत्रा बदलतो आणि इंजिन कंपनीच्या फळीवरचंच उचललं जातं. मसल कार हा प्रकारच असा जन्मला. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओत नवं इंजिन नव्हतंच. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा पाँटिॲकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिॲकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन उचललं आणि मधल्या गाडीत 'पर्याय' म्हणून विकायला ठेवलं. नियम मूळ गाडीला होता, पर्यायाला नव्हता. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सुचली नसती अशी पळवाट.

आपली मसल कार म्हणजे काँटेसा. हे मी कौतुकाने म्हणतो आणि थोडं चिडूनही. व्हॉक्सॉल व्हीएक्स या इंग्लिश गाडीचा साचा हिंदुस्तान मोटर्सने आणला आणि १९८४ मध्ये काँटेसा रस्त्यावर आली. लांब नाक, रुंद खांदे. त्या काळच्या रस्त्यावर फियाट आणि अँबॅसिडर यांच्यामध्ये ती उभी राहिली की तालमीतला पैलवान शाळेच्या रांगेत उभा राहिल्यासारखी दिसायची. इंग्लंडात त्या साच्यात १.८ आणि २.३ लिटरची इंजिनं होती. इथे? कंपनीच्या आडात होतं तेच : अँबॅसिडरचं १४८९ सीसी, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं.

मी उस्तादाच्या हाताखाली नवा असताना पहिल्यांदा काँटेसाचं बोनेट उघडलं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. इंजिन मधोमध, एवढंसं, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. उस्ताद इंजिनाशेजारच्या मोकळ्या जागेत वाकायचे आणि म्हणायचे, "बघ, हवेलीत चौकीदार राहतोय." पाना निसटून खाली पडला तर ब्लॉकला न लागता थेट जमिनीवर वाजायचा. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, अठ्ठ्याऐंशी अश्वशक्तीचं, पाच गिअरांसह, तेव्हा कुठे त्या अंगाला शोभेसा दम आला. नंतर इसुझूचंच डिझेलही आलं. २००२ मध्ये काँटेसा बंद पडली.

मधल्या काळात जुन्या दीड लिटरवाल्या काँटेसाला इसुझूचं पेट्रोल बसवून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं खूप यायची. त्यातली एक माझी पहिली स्वतंत्र कामगिरी. माउंटिंग बनवली, गिअरबॉक्स जुळवला, वायरिंग केलं, गाडी एका चावीत चालू झाली. मी खूश, मालक खूश. संध्याकाळी दोघं खंडाळ्याला जाऊन आलो. चढताना गाडीने कमाल केली. उतरताना अमृतांजन पुलाच्या खाली ब्रेक पॅडल पायाखाली मऊ लागायला लागलं, आणखी दोन वळणांवर जवळजवळ तळाला गेलं. दुसऱ्या गिअरला टाकून, हँडब्रेक ओढत खोपोली गाठली. मालक एक शब्द बोलला नाही, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. इंजिन मी नवं घातलं होतं, ब्रेक मात्र पन्नास अश्वशक्तीच्या गाडीचेच ठेवले होते. आणि कागदांचं तर मी नावही काढलं नव्हतं. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी लागते, नोंद लागते. तेव्हा पनवेलच्या गाड्या पेणच्या एमएच-०६ खाली होत्या. आता इथेच एमएच-४६ आहे, पण परवानगी टाळणारी गिऱ्हाइकं तशीच आहेत. आता मी हात जोडतो.

काँटेसाचं निदान पुढे भलं झालं. मद्रासच्या स्टँडर्ड २००० चं तेवढंही झालं नाही. अंग रोव्हर एसडी-वनचं, जी इंग्लंडात साडेतीन लिटरच्या व्ही-एटवर आली होती. इथे १९८५ मध्ये आत निघालं जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डचं चार सिलिंडरचं इंजिन. तीन-चार वर्षांत कारभार आटोपला.

एवढं ठाऊक असूनही मी एकदा पैज हरलो. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने अवंती दाखवली. आपल्या मराठी मुलखातल्या कंपनीची दोन आसनांची स्पोर्ट्स कार. मसल कार म्हणता येणार नाही, पण गाळ्यावर तेव्हा दुसरा विषय नव्हता. इंजिन कुठलं यावर कधी फोर्डचं नाव यायचं, कधी होंडाच्या व्ही-सिक्सचं. खोपोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याशी मी व्ही-सिक्सवर मिसळीची पैज लावली. शेवटी आलं रेनोचं दोन लिटरचं टर्बो, अडीचशे अश्वशक्तीचं. रेनोने ते पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी केलेलं. इथे ते उचलून सीटांच्या मागे बसवलं. माझं चुकलं कुठे? छाब्रियांचा आडच नव्हता. ज्याच्याकडे स्वतःचं इंजिन नाही, तो दुसऱ्याच्या आडावर जातो, आणि दुसरा जे द्यायला तयार असेल तेच त्याच्या घागरीत येतं. हे नंतर सुचलं. तोवर मिसळ खाऊन झाली होती, पैसे माझे.

आज आडात काय आहे तेही बघू. महिंद्रचं दोन लिटरचं एमस्टॅलियन टर्बो पेट्रोल २०२० च्या थारमध्ये १५० अश्वशक्ती देत होतं, पुढच्या वर्षी एक्सयूव्ही ७०० मध्ये तेच २०० देऊ लागलं. धातू तोच, फक्त टर्बो, इंधन आणि कॉम्प्युटरची शिकवण वेगळी. म्हणून आता 'किती सीसी' हा प्रश्न मी विचारतच नाही, 'किती दाबलंय' हे विचारतो. चाचणीच्या गाडीचं पुढचं तोंड बघा. बंपरखाली रेडिएटरशेजारी आणखी एक जाळी दिसते का? ती इंटरकूलरची. ती जितकी मोठी, तितका टर्बोचा दाब जास्त. स्टिकरवाले सगळं झाकतात, ही जाळी झाकता येत नाही, नाहीतर घाटात गाडी तापेल.

मोठं इंजिन इथे का येत नाही, याला सरकारी कारणंही आहेत. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून १२०० सीसीपर्यंतच्या चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाडीवर ५ टक्के. हा तक्ता वाचला की पुढच्या दहा वर्षांची इंजिनं बोनेट न उघडता दिसतात.

अमेरिकेतही आता मोठ्या इंजिनाचा वाद आहे. डॉजने २०२३ च्या अखेरीस चार्जर आणि चॅलेंजरमधलं हेमी व्ही-एट थांबवलं. नव्या चार्जरमध्ये आधी वीज आली, मग तीन लिटरचं, दोन टर्बोंचं सरळ सहा सिलिंडरचं हरिकेन. आता तिकडच्या हौशी मंडळींची चर्चा एकच, हेमी परत येणार का? माझं मत : आडात आहे, तेव्हा येऊ शकतं. त्याच घराण्याच्या रॅम ट्रकमध्ये ५.७ लिटरचं हेमी २०२५ मध्ये परत आलं. गंमत अशी की ते ३९५ अश्वशक्तीचं आहे आणि चार्जरमधलं सहा सिलिंडरचं साधं हरिकेन ४२०, वरचं ५५०. म्हणजे लोक जास्त पैसे देऊन कमी ताकद मागणार, त्या गडगडीसाठी. मला ते वेड वाटत नाही. मला ते परवडत नाही, एवढंच.

२०१६ मध्ये फोर्ड मस्टँग अधिकृतपणे भारतात आली. पाच लिटरचं व्ही-एट, ४०१ अश्वशक्ती, किंमत ६५ लाख. २०२५ मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही आली. तिच्या पुढच्या मोटरची १५८ आणि मागच्या मोटरची २३८ अशी बेरीज केली तर ३९६ होते. मस्टँगपेक्षा पाच कमी, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. एका ओळखीच्याने अशी हॅरियर गाळ्यासमोर आणली आणि मला शेजारी बसवून पाय दाबला. मान सीटला चिकटली. आवाज काहीच नाही, फक्त टायर आणि वारा. माझ्या कानाला तिथे काम नव्हतं.

२०२२ मध्ये काँटेसा हे नाव विकलं गेल्याची बातमी आली, आणि ती विजेवर परत येईल अशी कुजबुज तेव्हापासून आहे. पोरं विचारतात, खरं का? माझी पैज घ्या : काँटेसा परत आलीच तर विजेवर येईल. आणि पेट्रोलवरची कुठलीही देशी मसल कार आली, तर दोन लिटर, चार सिलिंडर, एक टर्बो. व्ही-सिक्स निघालं तर याही वेळी मिसळ माझ्याकडून.

क्लिपा आणत जा. फक्त मोबाइल सायलेन्सरपासून हातभर लांब धरा, पूर्ण रेस येईपर्यंत थांबा आणि वर गाणं चिकटवू नका. गाळा सोमवारी बंद असतो.