चादरीखालचे पाय

डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांचे लक्ष हाताकडे असते. फिस्टुला नीट वाहतोय का, सुई कुठे टोचायची, किती पाणी काढायचे. पाय मात्र चार तास चादरीखाली. त्या पायांचा रक्तपुरवठा मोजणे हा डायलिसिसच्याच कामाचा भाग मानला पाहिजे, असे माझे मत आहे. साधने मोजकीच: रक्तदाबाचा पट्टा, हातात मावणारा डॉपलर, दहा-पंधरा मिनिटे. घोट्याच्या वरच्या दाबाला दंडाच्या वरच्या दाबाने भागायचे. दंडाला 150 आणि घोट्याला 105 असेल तर उत्तर 0.7. आकडा 0.9 च्या खाली असेल तर धमन्या अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. मोजणी डायलिसिसच्या आधी, रुग्णाला आडवे करून, फिस्टुला नसलेल्या हातावर. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्या ठणठणीत असण्याची शक्यता कमीच. जपानमध्ये हजारावर हिमोडायलिसिस रुग्णांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. वय, मधुमेह हे सगळे हिशेबात धरूनही कमी आकड्याच्या रुग्णांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी जास्त निघाला. आणि 1.3 च्या वरच्यांतही तो वाढलेलाच होता. मूत्रपिंड निकामी झाल्यावर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचते, ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही. मग आकडा फुगतो. म्हणून 1.4 पाहून खूश व्हायचे नाही, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा.

‘पाय दुखले तर रुग्ण सांगेलच की,’ हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. हे दुखणे चालताना येते, आणि आपला रुग्ण चालतो कुठे? डोंबिवली स्टेशनचा जिना त्याने कधीच सोडलेला असतो. कल्याण काय, ठाणे काय, घरापासून केंद्राच्या दारापर्यंत रिक्षा. थकवा डायलिसिसच्या खात्यावर जमा होतो आणि मधुमेहाने पाय बधिर केलेले असतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, जखम चिघळते आणि पहिली तक्रार येते ती काळ्या पडलेल्या अंगठ्याची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशा तपासणीने आयुष्य वाढते, हे मोठ्या चाचणीने सिद्ध झालेले नाही. खरे आहे. डायलिसिसवर असताना स्टॅटिन सुरू करून अपेक्षित फायदा होत नाही, हेही 2005 आणि 2009 च्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. त्यामुळे आकडा कमी आला की गोळी द्या, अँजिओप्लास्टी करा, असे मी म्हणत नाही. आकडा कळल्याने डायलिसिस करण्याची पद्धत बदलते. अशा रुग्णाचे पाणी घाईने ओढून दाब पाडायचा नाही, कारण तेव्हा आधीच उपाशी पाय आणखी उपाशी राहतो. फॉस्फरसकडे दुर्लक्ष करायचे नाही, तंबाखू आणि मशेरीबद्दल रोखठोक बोलायचे, जखम दिसताच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायचे. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांनीही डायलिसिस सुरू होतानाच पायांच्या धमन्यांची तपासणी करायला सांगितले आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, पण एक पाळी उठली की दुसरी दारात उभी असते. तंत्रज्ञाला पाणी प्यायला फुरसत नाही. कबूल. पण दाबाची मोजणी सुरुवातीला एकदा आणि मग वर्षातून एकदा पुरे. मधल्या काळात महिन्यातून एकदा मोजे काढून बोटांच्या फटी, टाचा आणि नाडी पाहावी. मात्र कुणी पाहायचे ते नावानिशी ठरवून ठेवावे, नाहीतर डॉक्टरला वाटते परिचारिकेने पाहिले असेल आणि परिचारिकेला वाटते डॉक्टरने.