श्रीवर्धनच्या पुळणीवर एक सामना व्हावा

माणगावला महामार्ग सोडून एस. टी. म्हसळ्याच्या वाटेला लागली की वळणे सुरू होतात. जेवून निघाला असाल तर खिडकीपाशी बसा. पंचेचाळीस-एक किलोमीटरची ही वाट एकदा संपली, की पोफळींच्या वाड्या, मधून जाणारे अरुंद रस्ते आणि शेवटी समुद्र, असे श्रीवर्धन समोर येते. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले. पण आज आपल्याला पेशव्यांकडे जायचे नाही, पुळणीवर जायचे आहे.

ओहोटी लागली की ओली वाळू पायाखाली टणक होते. आम्ही गेलो त्या संध्याकाळी तिथे पोरांनी काठीने कबड्डीचे मैदान आखले होते. मध्यरेषा, निदानरेषा, सगळे रीतसर. एक किडकिडीत मुलगा चढाईला गेला आणि तिघांच्या हातून मासळीसारखा निसटला. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे वेड किती, हे तुम्हाला सांगायला नको. बॅट नको, जाळे नको, बूट नकोत; सात-सात गडी आणि छातीत दम असला की झाले.

खेळ बघताना आम्हाला न्यूयॉर्कची एक गोष्ट आठवली. त्या शहरात पोलीस आणि अग्निशमन दल यांच्यात कित्येक वर्षे बर्फावरच्या हॉकीचा सामना होतो आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय कामाला जाते. २०१४ साली तर दोन्ही संघांचे खेळाडू मैदानातच हातघाईवर आले! प्रेक्षकांत पोरेबाळे बसलेली. मग थोड्या वेळाने सामना पुन्हा सुरू झाला. तेवढा भाग सोडून द्या, पण कल्पना घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही मदतीसाठी खेळ करणे नवे नाही. गावच्या शाळेला पत्रे हवेत, देवळाला सभामंडप हवा, म्हणून मुंबईच्या चाकरमान्यांनी परळ-लालबागच्या गल्ल्यांतून नाटकांची तिकिटे खपवली, कबड्डीच्या स्पर्धा भरवल्या. मग श्रीवर्धनच्या पुळणीवर पोलीस विरुद्ध अग्निशमन जवान असा कबड्डीचा मदतसामना का होऊ नये?

मदत कोणाला, ते सांगतो. त्यासाठी पुळणीकडे पाठ करून वाडीत शिरावे लागेल.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा आणि त्याहून मोठे झोत. माड त्यातल्या त्यात चिवट. पोफळ उंच, सडपातळ; ती मध्यावरच मोडते. आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते, पण पोफळीला शेंडा एकच. तो गेला की झाड गेले. ज्या रोठा सुपारीने श्रीवर्धनचे नाव बाजारात नेले, तिच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. खालच्या जायफळ-मिरीची सावलीही त्याच दिवशी गेली.

सरकारची मदत आली. फळबागेसाठी आधी हेक्टरी ५० हजार रुपये ठरले. पण पोफळी दाट लावतात, हेक्टरात हजाराच्या वर झाडे बसतात. हिशेब केला तर एका झाडाच्या वाट्याला काय येते ते तुम्हीच पाहा. ओरड झाली, तेव्हा झाडामागे मोजणी मान्य झाली : सुपारीला ५० रुपये, माडाला २५०. आजोबांनी लावलेल्या झाडाचे ५० रुपये! नवे रोप लावले तर घड धरायला पाच-सहा वर्षे जातात, आणि तोवर त्याला उन्हापासून जपायला केळीची सावली करावी लागते. म्हणजे वादळानंतर लगेच ज्यांनी रोपे लावली, त्यांची झाडे आता कुठे धरू लागली. ज्यांच्याकडे तेव्हा पैसा किंवा माणूसबळ नव्हते, त्यांना सुरुवातच करायची आहे. सामना त्यांच्यासाठी.

आणि हे दोनच संघ का? वादळाआधी किनाऱ्यावरची घरे रिकामी करवणारा पोलीसच होता. त्याच वर्षी २४ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यात महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. एका चार वर्षांच्या मुलाला जवळजवळ एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढले. तिथे खाकीतले, अग्निशमनचे आणि राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान खांद्याला खांदा लावून राबले. एरवी आपण पोलिसाला बघून वाट बदलतो. अर्ध्या चड्डीत, वाळूने माखलेला, दम कोंडून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणारा हवालदार पोरांनी एकदा पाहावा असे आम्हाला वाटते.

हा बेत आम्ही एका वाडीवाल्या आजोबांना सांगितला. ते बांबूच्या आकडीने केळीची सुकी पाने ओढत होते. त्यांनी काम थांबवले नाही.

“तिकिटे कोण विकणार?” त्यांनी विचारले.

“पोलीसच विकतील की.”

“मग ती मदत नव्हे हो, पट्टी झाली. पोलीस दारात उभा राहिला तर नाही कोण म्हणेल?”

बोलणे खरे होते. हे आमच्या शहरी डोक्यात आलेच नव्हते. मग त्यांच्या सुनेनेच वाट काढली. तिकिटे बचत गटाच्या बायकांनी विकावीत, गल्लाही त्यांच्याकडे राहावा आणि किती जमले ते त्याच संध्याकाळी कर्ण्यावरून सांगावे. गणपतीच्या वर्गणीला लागते तशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी आधी काढावी. आणि पैसे रोख वाटू नयेत, रोपे द्यावीत. गावात कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहेच, तिथला सल्ला घ्यावा. सामना मे महिन्यात ठेवावा. तेव्हा चाकरमानी घरी असतात, तिकिटे खपतात, आणि पाऊस पडला की लगेच लावणी करता येते.

आम्ही एक भर घातली : हरलेल्या संघाने दुसऱ्या दिवशी एका वाडीत खड्डे खणावेत, दोन-दोन फुटांचे.

“मग दोघेही हरू देत,” आजोबा म्हणाले. आता मात्र त्यांनी आकडी झाडाला टेकवली. “पण पंच कोण? पोलिसाला ‘बाद’ म्हणायला छाती लागते.”

सून हसली. “शाळेतल्या बाई आहेत ना. इथले निम्मे शिपाई त्यांच्याच हाताखालून गेलेत.”